शंभर यार्डांच्या पिवळ्या रेघेसाठी मदत हवी

नमस्कार,

गेल्या रविवारी आमच्या पालक-शिक्षक संघाच्या चौघांनी शाळेच्या फाटकापासून टेप धरला. शंभर यार्ड, म्हणजे सुमारे 91 मीटर, नेमके कुठवर जातात ते कोणालाच ठाऊक नव्हते. टेप तिठ्यावरचा पार ओलांडून बसथांब्याला टेकला. वाटेत तीन गाडे. एकावर सुटी सिगारेट पेटवायला सुतळीला लायटर टांगलेला, बरोबर सातवीतल्या पोराच्या हनुवटीच्या उंचीवर.

2003 च्या केंद्रीय कायद्याने या टप्प्यात तंबाखूचा कोणताही पदार्थ विकता येत नाही. अठरा वर्षांखालच्यांना तर कुठेच नाही. गोव्याने धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध स्वतःचा कायदा त्याआधीच, 1997 मध्ये केला होता. कायद्यांना तोटा नाही, रस्त्यावर मात्र ना रेघ, ना फलक. दंड दोनशे रुपयांपर्यंत. तो भरला की लायटर पुन्हा जागेवर.

रस्त्यावर पिवळी रेघ मारायची आणि फाटकावर व दुकानांत 60 बाय 30 सेंटीमीटरचे फलक लावायचे ठरले आहे. पंचायतीने होकार दिला. याला सात हजार रुपये लागतील.

मोठा खर्च वेगळाच. दोन गाडेवाले गाड्यावरचा तंबाखू "काढतो" म्हणाले. तिसरा गाडा एका विधवा मावशीचा. "काढते हो, पण अर्धा गल्ला त्याच्यावर. त्या जागी काय ठेवू ते सांगा." प्रश्न रास्त आहे. कोकम सरबत, लिंबू सोडा, भजी यांसाठी त्यांना जुना फ्रीज आणि थोडे भांडवल द्यावे, असे आम्हाला वाटते. बारा हजारांत भागेल. कायदा मोडणाऱ्याला वर पैसे कशाला, असे काही सभासद म्हणतात. पण नुसता दंड केला तर गाडा बसथांब्यापलीकडे सरकेल, आणि पोरांना तेवढे चालता येते.

पालकांनो, सिगारेट आणायला मुलांना पाठवू नका. "बाबांना हवी" हे गाड्यावर रोज ऐकू येते. मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला 2015 च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बापाला त्यात सूट नाही. ज्यांना स्वतःला सोडायची आहे त्यांच्यासाठी 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

देणगी शाळेच्या कचेरीत द्यावी, पावती जरूर घ्यावी. घरी चालू स्थितीतला फ्रीज पडून असेल तर तोही चालेल, न्यायला आम्ही रिक्षा पाठवू. रेघ येत्या रविवारी सकाळी सातला, ऊन चढण्याआधी मारायची आहे. ब्रश आमचे, कपडे जुने घालून या.

पालक-शिक्षक संघ, डिचोली तालुका