स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विमान अपघाताची बातमी आली की 'विमान स्टॉल झालं' याचा अर्थ हमखास 'हवेत इंजिन बंद पडलं' असा छापला जातो, आपल्या पेपरातही वाचलाय, आणि दरवेळी मनापासून वाईट वाटतं कारण स्टॉल होतो तो पंख, इंजिन नाही. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला कोन एका मर्यादेच्या वर गेला की हवा पंखाला धरून वाहायची थांबते, सुटते, आणि लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलून धरणारा जोर, एकदम ढासळते. इंजिन तेव्हा ठणठणीत चालू असू शकतं.

मला हे पुस्तक वाचून कधीच नीट कळलं नव्हतं. कळलं ते सिम्युलेटरमध्ये एफ-१६ हे लढाऊ विमान मुद्दाम ताणून ताणून. हे विमान १९७४ साली पहिल्यांदा उडालं, मुळातच थोडं अस्थिर बनवलेलं, त्यामुळे सतत कॉम्प्युटर सांभाळतो, तुम्ही स्टिक (नाक वर-खाली करायचा दांडा) कितीही मागे खेचा तो ९ जी (जी म्हणजे अंगावर येणारा भार नेहमीच्या वजनाच्या किती पट ते) आणि पंख-हवेच्या कोनात साधारण २५ अंशांच्या पुढे जाऊच देत नाही. मग मी नाक सरळ आकाशाकडे केलं आणि वेग संपायची वाट बघितली. वेग जवळपास शून्यावर आला की शेपटीवरून हवाच वाहत नाही, मग कॉम्प्युटर तरी काय धरून ठेवणार! विमान पाठीमागे घसरलं, वळलं, आणि पोटावर आडवं पडून खाली यायला लागलं. यालाच डीप स्टॉल म्हणतात. नाक क्षितिजाच्या आसपास सावकाश वर-खाली डुलतंय, उंचीचा आकडा भराभर उतरतोय, आणि इंजिन? चालू! पूर्ण वेळ चालू होतं. स्टिक पुढे दाबून धरली तरी काही होत नाही कारण एवढ्या मोठ्या कोनात शेपटीला नाक खाली दाबायची ताकद पुरत नाही.

सुटका कशी होते ते बघण्यासारखं आहे. एक स्विच असतो, मॅन्युअल पिच ओव्हरराइड, कॉम्प्युटरची मर्यादा बाजूला सारणारा, तो दाबून धरायचा आणि झोका देतात तसं करायचं, नाक वर जातंय तेव्हा स्टिक मागे, खाली येतंय तेव्हा पुढे, ताल चुकला की परत पहिल्यापासून. तीन-चार झोक्यांनी डुलणं वाढत जातं आणि एका वेळी नाक खाली पडतं ते पडतंच, मग वेग येतो, विमान हाताला लागतं. पहिल्या चार वेळा मी जमिनीवर आपटले. पाचव्यांदा ३० हजार फुटांवरून सुरू केलं आणि ११ हजारांवर सुटले, हात थरथरत होते, खरंच.

वेग कमी झाला म्हणून स्टॉल, हेही अर्धवटच. जोरात वळताना जी वाढतो तसा स्टॉलचा वेगही वाढतो, ४ जीला दुप्पट, ९ जीला तिप्पट. म्हणजे जे विमान सरळ उडताना १२० नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) स्टॉल होतं ते ९ जी ओढताना ३६० नॉटलाच होईल, भन्नाट वेगात असूनसुद्धा.

खुर्चीत बसून सगळं कळतं असं माझं अजिबात म्हणणं नाही. ९ जीला ७० किलोच्या माणसाचं वजन ६३० किलो होतं, रक्त डोक्याकडून पायांकडे ओढलं जातं, पायलट पाय आणि पोट आवळून तोडक्या श्वासावर शुद्ध टिकवतो. माझ्याकडे फक्त स्क्रीन काळी होते. पण पंखाचं गणित दोन्हीकडे तेच आहे.

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या वेळी बातमीत 'स्टॉल' शब्द आला तर 'इंजिन बंद' लिहू नका, आणि जमलं तर शेजारी एक छोटी आकृती द्या. पंख, हवेचे बाण आणि मधला कोन, बास, चार रेघांत होते.

आपली,
एक नियमित वाचक