कार्बोरेटर किटमधील सदोष स्लो जेटबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: बुलेट 350 च्या मिककार्ब व्हीएम 24 कार्बोरेटरसाठी घेतलेल्या किटमधील स्लो जेट व ओ-रिंगबाबत

महोदय,

माझी बुलेट 1986 ची, वडिलांनी घेतलेली. गेल्या महिन्यात कार्बोरेटर उघडला, तेव्हा पॅकिंगबरोबर जेटही (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे भाग) बदलावेत म्हणून आपलं किट घेतलं. बिल सोबत जोडलं आहे. त्या दिवसापासून गाडीचं तंत्र बिघडलं.

चोक ओढल्याशिवाय गाडी स्लोला उभी राहीना. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके. कोल्हापूरहून मिरजेला परतताना अंकली पुलाच्या अलीकडे इंजिन एवढं तापलं की थांबावं लागलं. बेंड पाइप निळा पडला होता. घरी प्लग काढला तर एरवी बदामी दिसणारं पोर्सिलीन चुन्यासारखं पांढरं. पेट्रोल कमी पडत होतं, हे उघड होतं.

टॅपेट, पॉइंटचा गॅप आणि टायमिंग तपासलं, सगळं ठीक होतं. मग चालू इंजिनवर कार्बोरेटरच्या जॉइंटवर तेलाचे थेंब सोडले. तेल आत ओढलं गेलं आणि इंजिनाचा आवाज बदलला. म्हणजे तिथून हवा शिरत होती. त्या जॉइंटमधली आपली ओ-रिंग (रबरी कडी) खाचेच्या काठावर येतच नाही, इतकी बारीक आहे. जुनी ओ-रिंग घातल्यावर तिथली हवा बंद झाली, पण गाडी एअर स्क्रू पूर्ण आत फिरवल्याशिवाय, म्हणजे स्लोची हवा तोडल्याशिवाय, काही स्लो धरीना.

शेवटी जुना आणि नवा असे दोन्ही स्लो जेट (गाडी स्लोला असताना पेट्रोल देणारे) शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींवर 25 हाच आकडा, म्हणजे भोक सारखंच हवं. आमच्या मिरजेत सतारी बनतात, शेजारच्या कारागिराकडून चिकारीची 0.23 मिलिमीटरची तार मागून आणली. जुन्या जेटमधून ती अलगद आरपार गेली. तुमच्या जेटच्या तोंडाशीच अडली. कचरा असेल म्हणून जेट पेट्रोलात रात्रभर ठेवला, हवा मारली, तरी तेच. जुना जेट बसवला, एअर स्क्रू दीड फेरा सोडला, आणि गाडी पूर्ववत चालू लागली.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं की हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, त्याचा हा परिणाम. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होतं, हे मलाही मान्य आहे. पण पंप तोच, टाकीतलं पेट्रोल तेच. बदलला तो फक्त जेट. याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. ‘मेकॅनिककडून सेटिंग करून घ्या’ म्हणाले आणि फोन ठेवला. मेकॅनिकने हात लावायचा तो त्या आकड्यावर भरवसा ठेवूनच. आकडाच खोटा असेल तर माणूस टायमिंग हलवतो, सुई वर घेतो, हेड उतरवतो, आणि तोवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळून जातो. माझं इंजिन वाचलं, कारण जुना जेट मी डब्यात जपून ठेवला होता. सगळ्यांकडे तो नसेल.

किटची पूर्ण रक्कम परत मिळावी आणि त्याच लॉटमधले जेट मोजून सदोष माल दुकानांतून परत घ्यावा. दुसरी मागणी मला पैशांपेक्षा महत्त्वाची आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करेन.

दोन्ही जेट आणि ओ-रिंग माझ्याजवळ आहेत. आपला माणूस आला तर त्याच्यासमोर तार घालून दाखवेन.

आपला ग्राहक,
मिरज