दिसायला सुंदर, पण निरोगी आहे का?

संपादक महोदय,

जांभळ्या फुलांनी गच्च भरलेल्या तळ्याचे छायाचित्र आणि खाली 'निसर्गाची मुक्त उधळण' अशी ओळ, असे वर्तमानपत्रांतून अधूनमधून दिसते. मोबाइलवर तर विचारूच नका. ती फुले बहुतेक वेळा जलपर्णीची असतात. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती शोभेची म्हणून लोकांनीच जगभर नेली. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ती फोफावते, तिच्या दाट थराखाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. म्हणजे आपण 'वा!' म्हणतो ते तळ्याच्या दुखण्याला. छायाचित्र छापू नका असे माझे म्हणणे नाही. पण त्याखाली खरे काय ते लिहा.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 'मॉर्निंग ग्लोरी' नावाचे गरम पाण्याचे कुंड आहे. निळ्या फुलासारखे दिसे म्हणून हे नाव पडले. आलेल्यांनी हौसेने त्यात नाणी टाकली, काहींनी कचराही टाकला. 1950 साली पाण्याची पातळी उतरवून कुंड उफाळवले, तेव्हा नाण्यांबरोबर रुमाल, मोजे आणि टॉवेलसुद्धा बाहेर आले! मोजे कोणी आणि का टाकले असतील, देव जाणे. अशा वस्तूंनी खालच्या वाटा बुजत गेल्या, वर येणारे गरम पाणी कमी झाले आणि कुंड निवत चालले. मग काठाकडच्या पिवळ्या-नारिंगी सूक्ष्मजीवांना आत सरकायला वाव मिळाला. आज तिथे रंगांची वलये दिसतात आणि लोक त्यावरच खूश होऊन फोटो काढतात. मूळचा निळा रंग ज्यांनी पाहिलेलाच नाही, त्यांना काय गेले हे कळणार तरी कसे?

उलटही तितकेच खरे आहे. जे डोळ्यांत भरत नाही, ते आपण बिनकामाचे ठरवतो. गवताळ माळ म्हणजे पडीक, दलदल म्हणजे डासांचे घर. पण कुजक्या वनस्पतींचे थर साठून झालेल्या, पीटच्या दलदली पृथ्वीवरच्या जमिनीच्या जेमतेम 3 टक्के असूनही जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन धरून आहेत. पाणथळ जागा वाचवण्यासाठी 1971 साली इराणमधल्या रामसर गावी आंतरराष्ट्रीय करार झाला, तो काही त्या देखण्या होत्या म्हणून नव्हे.

या दोन्ही चुका एकत्र पाहायच्या तर कुठलेही 'सुशोभीकरण' पाहावे. चिखल आणि लव्हाळी काढून तळ्याला दगडी कठडा बांधतात, कारंजी उडवतात, रात्रभर दिवे लावतात. बेडकांनी अंडी घालायची आणि लांब पायांच्या पक्ष्यांनी चरायची ती उथळ कडाच जाते. उद्घाटनाच्या फोटोत सगळे लख्ख दिसते, आणि ज्यांचे घर मोडले ते तक्रार अर्ज घेऊन येत नाहीत.

'कचरा करू नका' एवढे सांगितले की निसर्गाबद्दलची जबाबदारी संपली, असा आपला समज आहे. मला वाटते, ती दाद देण्याच्याही आधी सुरू होते. हा रंग कशाने आला, इथे आधी काय होते, एवढे विचारावे. त्यासाठी प्रत्येकाने वनस्पतिशास्त्र शिकायला हवे असे नाही. जाणकाराला विचारण्याची लाज नसली म्हणजे झाले.

म्हणून आपल्याकडे दोन मागण्या. निसर्गाच्या प्रत्येक छायाचित्राखाली त्या वनस्पतीचे किंवा जागेचे नाव आणि अभ्यासकाकडून घेतलेली एक ओळ द्यावी. आणि सुशोभीकरणाच्या बातमीत खर्चाचा आकडा छापता, तसे त्या काठावर आधी कोणते जीव राहत होते आणि ते कोणी तपासले, हेही छापावे. कोणीच तपासले नसेल, तर तेही छापावे.

आपला,
एक नियमित वाचक