‘रोमा’ अर्धवट सोडू नकोस

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

‘काहीच घडत नाही’ म्हणून तू ‘रोमा’ हा सिनेमा अर्ध्या तासात बंद केलास, असं ताई सांगत होती. पहिला अर्धा तास फरशी धुणं, कपडे धुणं, पोरांना उठवणं यातच जातो, हे खरं. मोलकरीण क्लेओ त्या घरी राहून हेच तर करते, मग दुसरं काय दाखवणार?

पुढे बघ. मेक्सिको सिटी, 1970-71. क्लेओला दिवस गेलेत. ते ऐकल्यावर तिचा प्रियकर फर्मिन सिनेमागृहातून उठून जातो तो परत येतच नाही. मालकीणबाईंचा डॉक्टर नवराही परिषदेचं निमित्त सांगून घर सोडून गेलाय. 10 जून 1971ला मालकीणबाईंची आई, म्हणजे पोरांची आजी, क्लेओला घेऊन पाळणा खरेदीला निघते. दुकानाखालच्या रस्त्यावर विद्यार्थ्यांचा मोर्चा असतो. सरकारनेच पोसलेल्या ‘लोस आल्कोनेस’ टोळीने त्या दिवशी खरोखरच असा मोर्चा चिरडला, कित्येक जीव गेले. दिग्दर्शक कुआरोन ते दाखवतो दुकानाच्या खिडकीतून, पाळण्यांच्या किमती विचारता विचारता. मग पिस्तुलं घेऊन काहीजण आत घुसतात, आणि त्यांच्यात फर्मिन! क्लेओची पाणमोट तिथेच फुटते.

मला मात्र त्या गोळीबारापेक्षा हॉस्पिटलमधली नोंदणी जास्त लागली. पूर्ण नाव? जन्मतारीख? आजीबाईंना सांगताच येत नाही. दुष्ट नाहीत हं त्या, रडकुंडीला आल्यात बिचाऱ्या. पण घरातल्या मुलीची जन्मतारीख विचारायची वेळच कधी आलेली नाही. तू बघितलेल्या भागातलं आठव: सगळे टीव्ही बघतायत, क्लेओ जवळ बसते, पोरगा तिच्या गळ्यात हात टाकतो, आणि लगेच तिला डॉक्टरसाहेबांचा चहा आणायला उठवतात.

क्लेओ फार कमी बोलते, अशी टीका झाली. मला ती निम्मी पटते. कुआरोनने लहानपणी आपल्याला सांभाळणाऱ्या लिबोवरून ही क्लेओ उभी केली, त्यामुळे घरातल्या मुलाला दिसली तेवढीच ती आपल्याला दिसते. क्लेओ झालेल्या यालित्झा अपारिसिओने आधी कधी अभिनय केला नव्हता, शिक्षिका व्हायला निघालेली मुलगी ती. न बोलता बरंच काही सांगून जाते.

पार्श्वसंगीत अजिबात नाही, तेव्हा हेडफोन लाव, आणि शेवटी समुद्र येतो तेव्हा व्हॉट्सॲप बघू नकोस. मग फोन कर. भांडायचं असेल तरी कर.

— आई