मावशी, पातेली परत पोचली, आभार राहिले

मावशी, सलाम.

तुमच्याकडे शिकलेला हा शब्द आधी तुम्हालाच. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण आभार मानायला घरी आलो तेव्हा "बसा, चहा घ्या" म्हणून तुम्ही मला बोलूच दिलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात मित्राच्या आग्रहाखातर सुगीच्या उपासनेला तुमच्या चर्चमध्ये आलो. डोक्यात लेकीचं लग्न होतं. कार्यालय, केटरर, मानपान, आहेर मिळून वहीतला आकडा 6 लाखांवर गेला होता. त्यातले 4 लाख पतसंस्थेतून उचलायचे ठरवलं होतं आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

वेदीपुढे भाताच्या लोंब्या, घेवडा, भोपळे आणि पाय बांधलेला एक कोंबडा होता. उपासना संपल्यावर त्यांचा लिलाव झाला. एका बाबांनी 500 रुपयांना भोपळा घेतला आणि लगेच परत लिलावात ठेवला. तोच भोपळा तीनदा विकला गेला.

पेटी-तबल्यावर भजन चाललं होतं. चाल आपल्या वारकऱ्यांची, शब्द ख्रिस्ताचे. कुणाचं म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "नारायण वामन टिळकांचं. इथंच राहायचे की साताऱ्यात." 1917 साली मिशनचा पगार सोडून ते इथं आले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही तिथं जागा होती. 1919 मध्ये ते वारले. मी 52 वर्षं अजिंक्यताऱ्याखाली राहतोय, टिळकांच्या कविता शाळेत पाठ केल्या, पण हे मला तुमच्याकडून कळलं.

प्रीतिभोजनानंतर तुम्ही पाहुणा म्हणून मला खुर्ची दिली नाहीत, घासणी दिलीत. त्याबद्दल वेगळे आभार. ताटं घासून ठेवायला मागच्या खोलीत गेलो. पितळी पातेली, झारे, पराती, सतरंज्यांच्या चळती. चर्चच्या आवारातल्या तुमच्या सात घरांचं स्वयंपाकघर एक, पैशाची पेटी एक. पहिले विश्वासणारे कशालाच 'माझं' म्हणत नसत, सगळं समाईक ठेवत, हे पाळकांनी सकाळी बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' मधून वाचलं होतं. ते कानावरून गेलं. पातेलं उलटं करून पाहिलं तेव्हा आत शिरलं. आमच्या घरात वाटीवरसुद्धा नाव घातलेलं असतं. इथं बुडाशी फक्त एक बारीक क्रूस.

साधं राहणं म्हणजे पोटाला चिमटा, असं मी धरून चाललो होतो. तुमच्या रश्श्यावर तर बोटभर तर्री होती, आणि वाढणारा "अजून घ्या" म्हणून हटत नव्हता.

घासता घासता मी लग्नाचं बोलून गेलो. माणसं किती, तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, 800. "त्यातली तुमच्या लेकीला नावानं ओळखणारी किती?"

त्या रात्री वही घेऊन बसलो. 140 निघाली. बायकोला कर्जाचंही त्याच रात्री सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, अंगण आहे की आपलं.

लग्न अंगणात झालं. पातेली तुमची, सतरंज्या तुमच्या. आदल्या दिवशी तुम्ही पाचजणी येऊन तांदूळ निवडायला बसलात, तो आवाज अजून कानात आहे. कर्ज काढलं नाही. माझे दोन चुलते मानपान झाला नाही म्हणून न जेवता गेले. ते अजून बोलत नाहीत, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. लेकीला मात्र एकदाही वाटलं नाही की काही कमी पडलं. तिनंच सांगितलंय, पत्रात लिही म्हणून.

भांडी परत आणली तेव्हा त्यांत आमचं एक पातेलं जास्तीचं होतं. आईचं, 40 माणसांच्या भाताचं. ते तुमच्या खोलीत राहावं अशी आमची इच्छा होती. त्यावर तिचं नाव आहे, ते घासून काढून आणू का, असं मी विचारलं.

तुम्ही पदरानं ते नाव पुसलंत, वाचलंत आणि म्हणालात, "राहू द्या. भात शिजवताना त्यांची आठवण काढू."

रविवारी घासायला येतोय.

तुमचा,
शाहूपुरीतला भाचा