गुहागरला निघालेली गाडी

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर लोणच्याच्या मसाल्याविषयी बोलता बोलता आई सहज म्हणाली, "तेव्हा आपण महेश्वरला कुठे निघालो होतो? निघालो होतो गुहागरला." बोलणे लगेच मोहरीच्या डाळीकडे वळले, पण माझे मन तिथेच थांबले. मे १९८९ मधला तो प्रवास मी आजवर कितीतरी जणांना सांगितला आहे, आणि दर वेळी "बाबांनी आम्हाला महेश्वर आणि मांडू दाखवायला नेले होते" अशीच सुरुवात केली आहे. मी तेव्हा सहा वर्षांची होते आणि दादा नऊ वर्षांचा. कुठे जायचे ते गुपित ठेवून तुम्ही आम्हाला पहाटे चार वाजता इंदूरच्या रामबागेतल्या घरातून गाडीत बसवले होते, त्यामुळे ते गुपित काय होते हे आम्हाला कधी कळलेच नाही.

आपली ती जुनी बदामी फियाट, पुढे लटकवलेली पाण्याची कॅनव्हासची छागल, आईच्या मांडीवरचा दशम्यांचा आणि लसणाच्या चटणीचा डबा, हे सगळे मला आजही दिसते. महू मागे पडले, मानपूर आले आणि भेरू घाट उतरताना बाबांनी आम्हाला अगदी गप्प बसायला सांगितले. घाट संपला तशी माळव्याची गार हवाही संपली आणि खिडकीतून निमाडची झळ आत येऊ लागली. धामनोदच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ निघाली. आईने आम्हा दोघांना रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली नेऊन उभे केले, आणि बाबा, तुम्ही हाताला ओला टॉवेल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणापाशी कितीतरी वेळ वाकून उभे होतात. मिस्त्रीने हेड गॅस्केट गेल्याचे सांगितले. ते इंदूरहून मागवावे लागणार होते आणि त्यात दोन दिवस जाणार होते. हे तपशील मला दादाने पुढे सांगितले. मला आठवते ते एवढेच, की तुम्ही दोघे गाडीच्या मागे जाऊन हळू आवाजात काही बोललात आणि परत येऊन बाबा हसत म्हणाले, "चला, आता बसने महेश्वरला जायचे आहे."

त्या बसमध्ये मी माझी लाल प्लास्टिकची बादली आणि फावडे छातीशी धरून बसले होते. निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी ती राजवाड्याजवळच्या दुकानातून आणली होती. नर्मदेच्या काठी जाताना मुलीला वाळूची बादली कशाला लागते, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नाही.

महेश्वरचे दोन दिवस मात्र माझ्यासाठी खरोखरच सुट्टीचे होते, हे तुम्हाला सांगितलेच पाहिजे. धर्मशाळेची खोली तापलेली असे, म्हणून आपण सकाळ-संध्याकाळ घाटावरच असायचो. नदीच्या मधोमध उभ्या असलेल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत नावेने जाताना आईने माझा फ्रॉक मागून घट्ट धरला होता. किल्ल्यातला अहिल्याबाईंचा वाडा पाहून मला नवल वाटले, कारण राणीचे घर इतके साधे, लाकडी खांबांचे, आपल्या आजोळच्या घरासारखे असेल असे वाटले नव्हते. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे त्यांनी राज्यकारभार पाहिला आणि त्यांची गादी या वाड्यात होती, हे बाबांनी सांगितले तेव्हा दादा त्या पांढऱ्या बैठकीसमोर हात जोडून उभा राहिला होता.

आणि ती साडी. हातमागावरच्या विणकराने किनार उलटून दाखवली आणि ती दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते हे आईला समजावून सांगितले. साडी जांभळी होती. आईने किनारीवरून बोट फिरवले, पदर आपल्या हातावर टाकून पाहिला, मग घडीवर घडी बरोबर बसवून ती परत दिली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी." गाडीच्या दुरुस्तीचे पैसे अजून द्यायचे होते, हे मला आज कळते आहे.

गाडी मिळाल्यावर मुंबईच्या दिशेला न वळता आपण मांडूचा चढ चढलो. जहाजमहालाच्या दोन्ही बाजूंच्या तलावांत उन्हाळ्यामुळे पाणी फारसे नव्हते, पण मांडूच्या चिंचेचे, म्हणजे गोरखचिंचेचे, ते मखमली सालीचे, नारळाएवढे फळ फोडून आतला पांढरा आंबट गर खाताना आम्हाला कशाचीच उणीव भासली नाही. संध्याकाळी रूपमतीच्या मंडपातून बाबांनी दूर खाली चमकणारी नर्मदेची रेघ दाखवली आणि म्हणाले, "हे पाणी समुद्राला जाते." मग तुम्ही बराच वेळ तिकडेच पाहत राहिलात. मला कंटाळा आला होता, म्हणून मी तुमचा सदरा ओढला.

आई फोनवर म्हणाली, "मग ते राहूनच गेले." कितीतरी पिढ्यांपूर्वी आपले पूर्वज कोकणातून माळव्यात आले. कुलदैवत व्याडेश्वर असूनही बाबांनी आजवर गुहागर पाहिलेले नाही, हे मला ठाऊक नव्हते. दादाचे आणि माझे शिक्षण, आजीचे आजारपण, घराचे हप्ते या सगळ्यांत वर्षे गेली, आणि तुम्ही कधी त्याविषयी एक शब्दही बोलला नाहीत.

दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुण्याहून गाडी घेऊन इंदूरला येते. दादाशी बोलणे झाले आहे, तो नाशिकला आपल्याला येऊन मिळेल. आईच्या गुडघ्यांना त्रास होऊ नये म्हणून दिवसाला पाच तासांहून जास्त प्रवास करायचा नाही, असे मी ठरवले आहे. पहिला मुक्काम महेश्वरला असेल, कारण जांभळी साडी तिथूनच घ्यायची आहे. बाबा, तुम्ही पुढे माझ्याशेजारी बसा आणि घाटात मला गप्प राहायला सांगा. आई, दशम्या मात्र तूच कर, माझ्या कडक होतात. लाल बादली माळ्यावर जुन्या पाटाच्या मागे आहे असे दादा म्हणतो. सापडली तर काढून ठेवा.

तुमची लेक