हप्त्याचा कागद

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

एमबीएला लगेच जायचं की आधी नोकरी करायची, यावरून रविवारी तू अर्ध्या ताटावरून उठलीस आणि सोमवारी पहाटेची बस धरलीस. स्टँडवर पप्पांशीही बोलली नाहीस म्हणे. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तू "मम्मी, तुला यातलं कळत नाही" म्हणालीस की माझं पुढचं सगळं घशात राहतं. म्हणून लिहायला बसले. शुक्रवारी सीट फ्रीज करायची, म्हणजे कॉलेजातली जागा पक्की करायची, शेवटची तारीख आहे, त्याच्या आत हे तुझ्या हातात पडावं म्हणून कुरिअरने पाठवतेय. पैशाचं एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवलंय.

तुझा नंबर लागला याचा मला आनंद झाला नाही, असं मनात आणू नकोस. त्या दिवशी हरभट रोडला पोस्टाच्या आरडीच्या हप्त्यांचं कलेक्शन होतं. तिथल्या प्रत्येक दुकानात सांगितलं, सीईटीला ९३ पर्सेंटाईल. निम्म्या लोकांना पर्सेंटाईल म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांना मीच समजावून सांगत बसले, शंभरातली ९३ पोरं हिच्या मागे राहिली म्हणून. भांड्यांच्या दुकानातल्या काकांनी पेढ्याचे पैसे हातात ठेवले. ते तुझ्या नावाने वेगळे ठेवलेत.

तुझं म्हणणं मला पटत नाही असंही नाही. अभ्यासाची सवय आहे तोवर शिकून घ्यावं, हे खरं. सीईटीचा स्कोअर याच वर्षापुरता, पुढच्या वर्षी पुन्हा सगळं पहिल्यापासून, हेही खरं. सीईटीला नोकरीची अट नाही, ५० टक्क्यांची डिग्री पुरते. अहमदाबादच्या आयआयएममध्येसुद्धा दोन वर्षांच्या कोर्सला नुकती पास झालेली मुलं बसतात, तेही तू सांगितलंस. पण ओंकारने मला मोबाईलवर दाखवलं. त्याच अहमदाबादला एक वर्षाचा वेगळा कोर्स आहे, त्याला किमान चार वर्षं नोकरी लागते. हैदराबादच्या आयएसबीच्या एक वर्षाच्या कोर्सला दोन वर्षं लागतात. त्यांना काही दिसलं असेल म्हणूनच अट घातली ना? आणि अहमदाबादच्या मुलाच्या पाठीशी अहमदाबादचं नाव असतं. तुला लागलेल्या कॉलेजच्या माहितीपत्रकात सगळ्यात मोठं पॅकेज मोठ्या अक्षरात छापलंय. वर्गातल्या मधल्या मुलाला काय मिळालं ते कुठे आहे? अनुभव असलेल्यांना किती मिळालं आणि नसलेल्यांना किती, हे वेगवेगळं विचारलंस का? विचार. लाजू नकोस. एवढी फी घेतायत, उत्तर द्यायलाच पाहिजे.

फी १२ लाख. होस्टेल धरून. बँकेतल्या साहेबांनी मुलगी म्हणून अर्धा टक्का सूट देऊन साडेदहा टक्के सांगितलं. साडेसात लाखांच्या वर तारण लागतं, म्हणजे नानांचं घर. शिकत असताना आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज कुठे थांबतंय? पहिल्या वर्षीच्या सहा लाखांवर तीन वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्या सहा लाखांवर दोन वर्षांचं. मी मांडून बघितलं, ३ लाख १५ हजार नुसतं व्याज. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी तुझ्या डोक्यावर १५ लाख १५ हजार. दहा वर्षांसाठी महिन्याला २०,४००.

बघ, आलंच ते. लिहिणार नव्हते.

मला खरं सांगायचं होतं ते वेगळंच. पोस्टाची एजन्सी घेतली तेव्हा, २००६ साली, आम्हाला दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं. ग्राहकाशी कसं बोलावं, नाही म्हणाला तर काय करावं, सगळं मी वहीत उतरवून घेतलं होतं. तू तीन वर्षांची होतीस, काकींकडे ठेवून गेले होते. त्यातलं मला काही म्हणजे काही समजलं नव्हतं. पुढे वर्षभर दारोदार फिरले. कडी लावलेल्या दारातून "पुढच्या महिन्यात या" ऐकलं, तीन हप्ते थकवलेल्या बाईच्या घरी चहा पिऊन रिकाम्या हाताने परत आले. मग एकदा ती वही उघडली तर ओळ न् ओळ कळत होती. वही तीच होती. तू वर्गात बसशील आणि सर एखाद्या कंपनीतल्या भांडणाची केस सांगतील, तेव्हा तुझ्याकडे आठवायला काही असावं, एवढंच मला वाटतं. दोन वर्षं हिंजवडीच्या नोकरीला जा, तेवीस हजार हातात येतायत, साहेबाचं बोलणं खा, मग जा एमबीएला. तेव्हा तुला मार्केटिंग घ्यायचं की फायनान्स, हे तरी कळेल. आत्ता विचारलं तर तू "बघू" म्हणालीस.

पुन्हा शाळा घेतली तुझी. माफ कर.

हे लिहिताना सारखा २०१९ चा पूर डोळ्यांपुढे येतोय. पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला लागलं तेव्हा आपण वर गेलो. मी देवाचा डबा घेतला आणि तू, न सांगता, कार्डांची पिशवी. तरी खालच्या कपाटातली चाळीसएक पासबुकं भिजलीच. पाणी उतरल्यावर दोन पानांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून तू एकेक पान इस्त्रीने वाळवलंस. पान पिवळं पडायच्या आत इस्त्री उचलायची, मग पुढचं. शाई पसरली होती तिथे माझ्या डायरीतून आकडे काढून वेगळी यादी केलीस. अकरावीत होतीस. मारुती चौकातली माणसं कुठल्या कुठल्या शाळेत मुक्कामाला होती, तिथे जाऊन "काकू, तुमचे पैसे पोस्टात आहेत, घाबरू नका, पुस्तक माझ्याकडे आहे" हे तू सांगून आलीस. त्या बायकांपैकी एकीचंही खातं बंद झालं नाही. आजही विचारतात, पुस्तकं वाळवणारी पोरगी काय करते?

आता हे आठवल्यावर तुला कामाचं काही माहीत नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? रविवारी म्हणाले खरी. चुकलं माझं.

पण समोरच्या बिल्डिंगमधला तो मुलगा तुला ठाऊक आहे. डिग्री झाल्या झाल्या एमबीएला गेला. आता बँकेची खाती उघडून घेत दुकानं फिरतो. माझ्याच लाईनीत भेटतो. काम वाईट नाही, मी तेच करते. पण गेल्या महिन्यात म्हणाला, साहेब फार बोलतात, सोडावंसं वाटतं, सोडता येत नाही. हप्ता आहे. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं गं. मला तारणाची भीती कमी वाटते. घराचं आम्ही बघू. तुला एखाद्या जागी जीव नकोसा झाला आणि त्या २०,४०० पायी तू तिथेच बसून राहिलीस, रात्री मला फोनसुद्धा केला नाहीस, तर? मी बी.एड.चं ॲडमिशन "पुढच्या वर्षी" म्हणून सोडलं होतं, ते तुला माहीत आहे. ते पुढचं वर्ष आलं नाही. त्यामुळे थांब असं ठामपणे सांगायलाही माझी जीभ रेटत नाही. आत्या तर दोन वर्षं थांबणार म्हटल्यावर लगेच स्थळं आणतील. त्यांचं मी बघून घेईन, त्याची तू काळजी करू नकोस.

घराच्या कागदांच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात, दोन संच. पप्पांनी जामीनदार म्हणून सही करायची तयारी दाखवलीय. कॉलेजला तेवढं मधल्या मुलाचं विचारून घे. हिंजवडीवाल्यांना जॉइनिंगची तारीख पंधरा दिवस पुढे ढकलता येते का तेही विचार.

गुरुवारी गावभागातलं कलेक्शन आहे आणि त्यानंतर जमलेल्या पैशांचा लॉट पोस्टात भरायचा आहे, दोननंतर मोकळी होईन. तेव्हा फोन कर. हप्त्याचा विषय मी काढणार नाही. तू काढलास तर कागद समोर घेऊन बसलेली असेन.

तुझी,
मम्मी